न चाखलेला दुधी

प्रज्वलनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दुधी हुंगत होते. प्रेमकथा अशी सुरू होत नसते, हे मलाही कळतं. पण जे झालं ते झालं, त्याला मी तरी काय करणार?

फेब्रुवारी महिना, सकाळचे पावणेसात. आमच्या शेणवे गावच्या नाक्यावर अजून धुकं रेंगाळलेलं. नेहमीचा भाजीवाला आला नव्हता. त्याच्या जागेवर एक तीनचाकी टेम्पो उभा होता, मुरबाडकडून शहापूरच्या बाजाराला निघालेला. मागे कोबीची पोती आणि पुढे ओळीनं मांडलेले हिरवेगार दुधी. मी त्यातला एक उचलला, नाकाशी नेला, उलटासुलटा करून पाहिला...

"दुधीला वास नसतो," बाजूनं आवाज आला.

मी वळले. सावळा, उंच, मफलरमधून नुसते डोळे आणि नाक बाहेर. आणि तोंडात काहीतरी चघळत होता.

"तुमी काय खाताय?" मी विचारलं.

"दुधी."

"कच्चा?"

"खात नाय, चाखतोय. कडू हाय का गोड, ते बघाया नको?" त्यानं माझ्या हातातला दुधी अलगद काढून घेतला, चाकूनं देठाकडची कागदासारखी पातळ चकती कापली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. पूजेला बसल्यासारखा! मग डोळे उघडून म्हणाला, "गोड हाय. घ्या."

"उष्टा माल विकता का हो तुमी?"

"उष्टं ते माझ्या पोटात गेलं. राहिलं ते तुमचं." तो हसला. मफलर खाली घसरला आणि मला उगीचच त्याच्या हनुवटीवरची खळी दिसली. "आमच्या आईची शिस्त हाय. दुधी नि काकडी चाखल्याशिवाय घराबाहेर काढायची नाय."

मी दुधी पिशवीत टाकला आणि तरातरा घरी आले. असल्या खळ्याबिळ्यांसाठी मला वेळ नव्हता. माझे एकवीस दिवस त्याच सकाळी सुरू झाले होते.

ते एकवीस दिवस म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी मिताली. शहापुरात एका लेडीज टेलरच्या दुकानात ब्लाउज शिवते. दिवसभर टेप गळ्यात. तालुक्यातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत, आणि सगळ्यांची आडवी-उभी शरीरं मला एकसारखीच प्रिय आहेत. फक्त स्वतःचं सोडून. दिवाळीनंतर भिवंडीकडचं एक स्थळ येऊन गेलं. त्यांचा निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण अंगानं जरा जास्तच भरलेली वाटते." तो 'जरा जास्तच' माझ्या काळजात सुईसारखा रुतून बसला. आता मावशीनं कल्याणचं दुसरं स्थळ आणलं होतं. मुलगा इंजिनिअर. बघण्याचा कार्यक्रम बरोबर तीन आठवड्यांनी, रविवारी.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं मला मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपच्या कोच मॅडमना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा प्लॅन पाठ झाला. सकाळी उपाशीपोटी एक मोठा ग्लास दुधीचा रस. दुपारी जिऱ्याचं पाणी. संध्याकाळी एक काकडी. शरीरात साठलेलं विष बाहेर पडणार आणि एकवीस दिवसांत आठ किलो गळणार. भात? भात म्हणजे शत्रू! आमच्या घरात भाताची कणगी माझ्यापेक्षा उंच. तिच्याशेजारी बसून मी काकडी कुरतडायची.

"गो, भाताच्या घरात जन्माला आलीस नि उपास कसले करतेस?" आई म्हणायची. आईचं नाव कमळ, पण राग आला की तिचा निवडुंग होतो. "आई, डिटॉक्स हाय ते," मी म्हणायचे. "हाय ते मरूदे. जेव आधी," ती म्हणायची. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा नाक्यावर. तिसऱ्या दिवशीही. नेहमीचा भाजीवाला चार दिवसांनी परत आला, तरी माझी पावलं टेम्पोकडेच वळायची. त्याचा दुधी ताजा असायचा, म्हणून. मी स्वतःला तरी तसंच सांगत होते.

"घरी पाहुणे हायेत काय?" पाचव्या दिवशी त्यानं विचारलं. एव्हाना मला त्याचं नाव कळलं होतं.

"नाय."

"मग रोज एक दुधी कोण खातं?"

"मीच. रस पिते."

"रोज?" त्याचा चाकू हवेतच थांबला. "काय गुन्हा केला तुमी?"

मला हसू आलं. पोटात काही नसताना हसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे मला त्याच दिवशी समजलं. मी टेम्पोचा फळका घट्ट धरला. त्यानं ते पाहिलं. पिशवी देताना त्याची बोटं माझ्या बोटांपाशी जरा थांबली... पडतेय की काय, याचा अंदाज घेतल्यासारखी.

सातव्या दिवशी त्यानं हरभऱ्याची हिरवी जुडी पुढे केली. "आमच्या शेतातला हाय. टाका तोंडात."

"प्लॅनमध्ये नाय."

"प्लॅन कुणाचा? सरकारचा?"

"माझा."

"तुमच्या प्लॅनमध्ये हसायचं हाय का? का त्याला पण बंदी?"

मी जुडी घेतली नाही. पण त्यानं ती पिशवीत दुधीखाली सरकवून दिली होती, ते घरी आल्यावर कळलं. मी तीन घाटे सोलले. तीनच! ते कोवळे, खारट, ओले दाणे दाताखाली फुटले आणि मला रडूच कोसळलं. इतकं चांगलं काहीतरी मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. मग मी मूर्खासारखं ते ग्रुपवर कबूल केलं. कोच मॅडमनी शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहायला सांगितलं. मी राहिलेसुद्धा.

वजन उतरत होतं, खोटं कशाला बोलू? पण केसही गळत होते. दुकानात शिलाई मशीन चालवताना पाय थरथरायचा. एका बाईच्या ब्लाउजला मी डावी बाही उजवीकडे जोडली. आईवर तर मी इतकी खेकसायचे की तीच गप्प बसू लागली. ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं — "छान! विष बाहेर पडतंय!"

आणि रोज सकाळी पावणेसातला मी नाक्यावर असायचे. दिवसातली तीच दहा मिनिटं मी माणसासारखी बोलायचे.

पंधराव्या दिवशी मी त्याला छेडलं. त्याचं काय झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. "रोज मला कापलेला दुधी देता," मी म्हटलं. "देठाकडं उंदरानं कुरतडल्यासारखा. एक दिवस तरी अख्खा द्या ना. चांगला, देखणा... बघत राहावा असा."

"मग चाखू कसा?"

"नका चाखू. एक दिवस माझ्यावर भरवसा ठेवा, नायतर दुधीवर तरी ठेवा."

त्यानं चाकू बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "दुधीचं नाय सांगता येत. तुमच्यावर ठेवतो."

त्या दिवशी दुकानात मी शिलाई कमी आणि गालातल्या गालात हसणं जास्त केलं.

सोळाव्या दिवशी त्यानं दुधी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. कागद उलगडून दाखवला. लांबसडक, फिकट हिरवा, अंगावर बारीक लव, कुठे ओरखडा नाही. "हा विकायचा नाय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाजला. "हा तुमचा."

आता एखादी शहाणी मुलगी त्या दुधीला नमस्कार करून त्याची भाजी करती. मी घरी येऊन त्याचा रस काढला.

पहिला घोट घेतला आणि सगळं अंग शहारलं. कडूजहर! आता तुम्ही म्हणाल, थुंकून का नाही टाकलास? आमच्याकडे लहानपणापासून कडू खायची सवय असते. पावसाळ्यात रानातली भारंगी, पुढे कडू करांदे राखेच्या पाण्यात उकडून... आणि प्रत्येक घासाला घरातलं कुणीतरी सांगतंच, कडू तेवढं गुणाचं. करांद्याचा कडवटपणा काढायला आई त्याला तीन-तीन पाणी बदलून उकडते, हे मी सोयीस्कर विसरले. नाक दाबलं आणि अख्खा ग्लास रिकामा केला. त्यातही एक वेडेपणा होता — त्यानं दिलेला दुधी, तो मी कसा टाकणार?

अर्ध्या तासात पोटात पीळ पडला. मग उलटी. मी ग्रुपवर लिहिलं, "मॅडम, रस कडू होता. उलट्या होतायत." उत्तर लगेच आलं. "घाबरू नका. हीच तर सफाई आहे. भरपूर विष साठलं होतं. औषध घेऊन थांबवू नका."

मी थांबवलं नाही. मोरीत बसून राहिले, भिंतीला डोकं टेकून. चौथ्या उलटीत रक्त दिसलं.

"आई..." मी हाक मारली, पण आवाज घशाबाहेर येईना. आईनंच येऊन पाहिलं. बाबा पहाटेच आसनगावला जाऊन कल्याणची लोकल पकडतात, घरात आम्ही दोघीच. आई अनवाणी नाक्याकडे धावली. नाक्यावर त्या वेळी एकच गाडी उभी होती.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कोबीच्या पोत्यांवर मी आडवी, डोकं आईच्या मांडीवर. गार वारा. पुढून प्रज्वलचा आवाज, ओरडून विचारतोय, "रस कडू होता? मिताली, बोला! कडू होता काय?" मी मान हलवली. आई म्हणाली, "हो म्हणते रे!" त्यानंतर त्यानं टेम्पो असा पळवला की शहापूर येईपर्यंत रस्त्यावर भाज्या सांडत गेल्या.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय खाल्लं?" आई म्हणाली, "काय नाय हो, काय खातच नाय ही!" तेव्हा तो दारातून पुढे आला. "कडू दुधीचा रस. मोठा ग्लास, उपाशीपोटी. सात-सव्वासातला." मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी भराभर सलाइन लावायला सांगितलं. माझं ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं होतं की नर्सला नाडी सापडेना.

मी चार दिवस तिथे होते. जरा बोलता येऊ लागल्यावर डॉक्टर मॅडम पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. "कडू दुधीत विष असतं, बाळा. त्यावर उतारा नाही, आम्ही फक्त तुला सावरून धरू शकतो. दुधी कडू लागला तर गिळायचाच नाही, थुंकायचा. आणखी तासभर तू 'सफाई' करत बसली असतीस ना..." त्यांनी माझ्या हातावरची सलाइनची नळी नीट केली.

"पण शरीरातलं विष काढायला..." मी पुटपुटले.

"ते काम तुझं लिव्हर आणि किडनी जन्मापासून करतायत. त्यांना दोन वेळचं जेवण दे, एवढंच मागणं आहे त्यांचं. पंधरा दिवसांत तू जे घटवलंस ना, त्यात पाणीच जास्त, आणि तुझ्या अंगातली ताकद."

मी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. 'दुधी कडू लागला तर थुंका. मी मरता मरता वाचले.' मिनिटभरात मला ग्रुपमधून काढून टाकलं.

बाबा संध्याकाळी यायचे आणि दोनच गोष्टी बोलायचे. "तो टेम्पोवाला पोरगा देवासारखा धावला," ही पहिली. आणि दुसरी, दातओठ खाऊन, "तो दुधी ज्यानं विकला, तो गावला तर तंगडी तोडतो त्याची." दोघं एकच आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी डोळे मिटून पडून राहायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. आई चहा आणायला गेली होती. पलंगापासून चार हात लांबच उभा राहिला.

"बांधावरच्या वेलाचा होता तो," तो म्हणाला. "आम्ही लावलेला नाय, आपला आपण उगवलेला. आई म्हणायची, त्याला हात लावू नको, असल्या वेलाचा काय भरवसा नाय. पण सगळ्यांत देखणा तोच होता. चाखायला कापला असता तर... तुमीच बोललात, अख्खा पायजे."

माझं डोकं भडकलं. "मी बोलले! मी उद्या बोलेन विहिरीत ढकला, ढकलाल? ज्याला चाखायचं कळतं त्यानं चाखायला नको?"

"पायजे होतं."

"मग?"

"मला तुमाला खूश करायचं होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझं चुकलं. माफी मागत नाय, मागायला तोंड नाय मला."

"मग जा!" मी म्हटलं.

तो गेला. आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. रागानं रडले, असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस मी मऊ भात खाल्ला आणि झोपले. तिसऱ्या दिवशी पावणेसातला आपोआप जाग आली. नाक्यावर गेले, तर टेम्पो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस नाही. नाक्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं, तो पोरगा आता दुसऱ्या रस्त्यानं जातो. मला फार एकटं वाटलं. तोंडावर दार मीच आपटलं होतं, आणि बाहेर कोण उभं आहे हे वाकून बघणारीही मीच.

रात्रंदिवस एकच गोष्ट मनात यायची. दवाखान्यात तो गप्प बसला असता तर? दुधीचं नावही निघालं नसतं, त्याच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नसतं. पण माझा जीव वाचावा म्हणून त्यानं दारातून पुढे येऊन सांगितलं, कडू दुधी, मोठा ग्लास, सात-सव्वासात. आणि मी? पहिल्या घोटाला कळलं होतं मला. तरी मी ग्लास रिकामा केला, कारण भिवंडीकडच्या कुणा परक्या बाईला मी 'जरा जास्तच' वाटले होते. त्याची चूक एका सकाळची होती. माझी सोळा दिवसांची.

कल्याणवाल्यांचा कार्यक्रम माझ्या आजारपणामुळे पुढे ढकलला होता. त्यातच मावशीचा फोन. "कमळ, आजारात पोरगी चांगली बारीक झालीय म्हणतात. मग उरकून घेऊ या रविवारी. असं रूप परत नाय मिळायचं!"

आईनं फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "मावशी, हे रूप दवाखान्यातलं हाय. ते मी परत केलं. कल्याणवाल्यांना नाय सांग."

रविवारी मी निवांत तांदूळ निवडत बसले होते. आणि अंगणात टेम्पोचा आवाज आला.

माझ्या हातातलं सूप कलंडलं. टेम्पोतून आधी एक ठेंगणी, काळीसावळी बाई उतरली, पदर खोचलेली. तिच्यामागे मान खाली घातलेला प्रज्वल.

"या, या!" बाबा उठून उभे राहिले. "अगो कमळ, तो टेम्पोवाला पोरगा आलाय! पोरा, तुझे उपकार..."

"उपकार नका बोलू, दादा," ती बाई उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली. "मी लहानी, याची आई. आधी याचं ऐका. मग आत घ्यायचं का हाकलायचं ते ठरवा."

प्रज्वलनं मान वर केली. बाबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तो दुधी माझा होता."

स्वागताला उचललेला बाबांचा हात हळूहळू खाली आला.

"मी चाखला नाय. रोज चाखतो, त्या दिवशी नाय चाखला. तुमची मुलगी मला आवडते, दादा. तिला चांगलं दिसेल असं कायतरी द्यायचं होतं, म्हणून चुकलो. तंगडी तोडणार बोललात, ते माझ्या कानावर आलंय; तोडायची तर तोडा. पण खोटं बोलून मला तुमच्या घरात चहा प्यायचा नाय."

बाबा लाल झाले, मग पांढरे. दाराकडे वळून त्यांनी मला विचारलं, "तुला ठाव होतं?"

"होतं."

"नि गप बसलीस?"

"तंगडी तोडू नये, म्हणून."

लहानीमावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. आई मात्र थेट मुद्द्याला आली. "पोरगा बोलतोय ते ऐकलंस ना गो? आवडते म्हणतोय. तुझं काय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबा, आई, लहानीमावशी. आणि तो... नाक्यावर पिशवी देताना बघायचा तसाच, मी पडतेय की काय या काळजीनं. आतापर्यंत दोन स्थळं, भिवंडीकडचं आणि त्याआधीचं एक, मला बघून गेली होती. दोन्ही वेळा मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते, मान खाली, पोट आत ओढून. त्यांनी खाल्लं होतं आणि मी बघत होते.

मला एकदम कडकडून भूक लागली.

"आई," मी म्हटलं, "आधी मला जेवायला वाढ. उपाशीपोटी मी कुणाला हो म्हणणार नाय."

आई लगेच आत गेली आणि ताट घेऊन आली. गरम भात, वालाचं बिरडं, वर खोबरं. मी ओटीवर मांडी घालून बसले, सगळ्यांच्या देखत, आणि जेवू लागले. पोट आत ओढलं नाही. घाईही केली नाही. बाबा खांबाला टेकून बसले. लहानीमावशीनं उंबऱ्याशीच बूड टेकलं. प्रज्वल अंगणात उन्हात उभा होता. प्रत्येक घासाला त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा जरा उतरत होता.

"अजून वाढू?" आईनं विचारलं.

"वाढ."

तिनं भात वाढला. मी तो कालवला, एक मोठा घास घेतला, सावकाश चावून गिळला. मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो."